गाणाऱ्या पक्ष्यांचे कान: पक्षीफेरीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या कुळागरांतून आणि बोंडल्याच्या वाटांवरून मी शाळकरी मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना पक्षी दाखवायला नेतो. दाखवायला म्हणतो खरा, पण माडा-पोफळींच्या दाटीत पक्षी दिसतो थोडा आणि ऐकू येतो फार. साहजिकच प्रश्न आवाजाचे येतात. बहुतेकांना गळ्याबद्दल विचारायचे असते: एवढ्याशा पक्ष्याच्या गळ्यातून एवढा आवाज कसा निघतो? मी त्यांना कानाकडे वळवतो. गाणाऱ्या पक्ष्याचे गाणे आधी कानात तयार होते आणि मग गळ्यात उतरते. हे एकदा लक्षात आले की पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आपोआप सुटतात.

पक्ष्यांना कान असतात का? दिसत तर नाहीत.

असतात. डोळ्याच्या मागे, थोडे खाली, दोन्ही बाजूंना भोके असतात. त्यांवर बारीक, विरळ पिसांचे झाकण असते. उडताना वाऱ्याचा घोंगाट आत शिरू नये आणि आवाज मात्र जावा, अशी त्या पिसांची वीण असते. आपल्यासारखी कानाची पाळी त्यांना नसते. न्हाऊन ओला झालेला बुलबुल जवळून पाहायला मिळाला तर हे भोक कधीकधी दिसून जाते.

आत गेलात तर आपल्या मधल्या कानात तीन हाडे असतात, पक्ष्याच्या कानात एकच. आपल्या आतल्या कानातली नळी शंखासारखी गुंडाळलेली असते, त्यांची जवळजवळ सरळ आणि किंचित वाकलेली. आपल्याकडे आवाज टिपणारी पट्टी साधारण ३५ मिलिमीटर लांब असते. लहान गाणाऱ्या पक्ष्यांत ती दोन मिलिमीटरच्या आसपास भरते. एवढ्याशा पट्टीवर तो अख्खे गाणे तोलतो.

कोकीळ 'गाणारा पक्षी' नाही, असे तुम्ही का म्हणता?

हे ऐकून दर वेळी कुणीतरी दुखावते, म्हणून नीट सांगतो. कोकिळेच्या आवाजाला मी नावे ठेवत नाही. चैत्रात पहाटे तो आवाज आला की मीही थांबतो. पण शास्त्रात 'गाणारे पक्षी' हे एका मोठ्या कुळाचे नाव आहे. जगातल्या सुमारे दहा-अकरा हजार पक्षिजातींपैकी जवळपास निम्म्या त्यात येतात: दयाळ, बुलबुल, शिंपी, शिंजीर, साळुंकी, चिमणी, हळद्या, कोतवाल. आणि कावळाही.

या कुळाची खूण गोड गळा ही नव्हे. खूण अशी की त्यातले पक्षी आवाज ऐकून शिकतात. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते, दिवसभर कावकाव ऐकते आणि मोठे होऊन कोकिळेसारखेच ओरडते, कारण तो आवाज त्याच्या रक्तातच आहे. दयाळाच्या कुळाचे तसे नाही. त्यांच्या पिल्लाला ऐकायला कुणीतरी मोठे लागते. ऐकून आवाज शिकण्याची ही देणगी पक्ष्यांमध्ये आणखी दोनच गटांना आहे, पोपटांना आणि अमेरिकेतल्या हमिंगबर्डना. तांबट, धनेश, पावशा, भारद्वाज हे सगळे आपल्या कानांचे लाडके, पण या कुळाबाहेरचे. हिवाळ्यात आपल्याकडे येणारा नवरंग तर चिमणीच्या गणातला असूनही गाणाऱ्यांच्या शाखेत बसत नाही.

पक्ष्यांना आपल्यापेक्षा जास्त ऐकू येते ना?

नाही. हे उत्तर कुणालाच पटत नाही.

आवाजाचा उंच-खालपणा हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंप यात मोजतात; आकडा मोठा तितका सूर उंच. तरुण, निरोगी माणसाला २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांची वरची मर्यादा ८,००० ते १०,००० हर्ट्झच्या आसपास संपते आणि त्यांचे कान सर्वांत तीक्ष्ण असतात ते २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात. वटवाघळाला ऐकू येणारे अतिउंच आवाज त्यांना येत नाहीत. त्यामुळे 'पक्ष्यांना पळवून लावणारे, माणसाला न ऐकू येणारे' यंत्र कुणी बागेसाठी विकत असेल तर पैसे वाचवा. जो उंच आवाज तरुण, निरोगी माणसाला येत नाही, तो बुलबुलालाही येत नाही. अगदी हळू आवाज टिपण्यातही शांत खोलीत माणूस बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांच्या पुढे असतो. गोंगाटातही तेच. अमेरिकी संशोधक रॉबर्ट डूलिंग यांनी अनेक पक्षिजातींची ऐकण्याची मोजमापे केली. त्यांतून असे दिसते की गोंगाटातून एखादा आवाज वेगळा काढायला पक्ष्याला तो आपल्यापेक्षा साधारण सहा डेसिबल मोठा लागतो. म्हणजे रस्त्याच्या कडेला एखादी शीळ तुम्हाला जेवढ्या अंतरावरून ऐकू येते, त्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर आल्याशिवाय ती दुसऱ्या पक्ष्याला लागत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांचे गाणेही बहुतांशी त्याच पट्ट्यात असते जिथे त्यांचा कान तीक्ष्ण असतो. गळा आणि कान एकमेकांच्या मापाचे आहेत.

मग त्यांच्या कानाचे मोठेपण कशात आहे?

वेळेत. दयाळाचे गाणे आपल्याला एक सलग लकेर वाटते. तेच मोबाइलमध्ये घेऊन हळू वेगाने वाजवा. लकेरीचे तुकडे पडतात, तुकड्यांत बारीक कंप दिसतात, चढउतार दिसतात, मधल्या पोकळ्या दिसतात. आपला कान हे सगळे एकत्र मिसळून टाकतो. झेब्रा फिंच आणि कॅनरी या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातल्या एक-दोन भागांत घडणारे आवाजातले बदल ते ओळखतात. या बाबतीत ते माणसाच्या दुप्पट-तिप्पट सरस ठरले.

एकाच जातीचे दोन पक्षी आपल्याला सारखे ऐकू येतात, पण त्यांना एकमेकांचा आवाज ओळखीचा असतो. शेजारचा कोण आणि परका कोण, हे ते याच बारकाव्यांवरून ठरवतात.

एवढ्याशा डोक्यावरून आवाज कुठून आला ते कसे कळते?

अवघड जाते. आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचतो, त्या फरकावरून दिशा ठरते. माणसाच्या डोक्यावर हा फरक जास्तीत जास्त साडेसहाशे मायक्रोसेकंद असतो, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले साडेसहाशे. दीड सेंटिमीटर रुंदीच्या डोक्यावर तो चाळीस-पन्नास उरतो. पक्ष्यांचे दोन्ही कान कवटीतल्या हवेच्या पोकळीने जोडलेले असतात, त्यामुळे हा फरक थोडा वाढतो. तरी घुबडाच्या तुलनेत लहान पक्ष्यांचा नेम ढोबळच असतो.

पिल्लू गाणे नेमके कसे शिकते?

हा माझा आवडीचा प्रश्न. त्याला वेळ देतो.

पहिल्या टप्प्यात पिल्लू फक्त ऐकते, तोंड उघडते ते खाण्यापुरते. आसपास गाणाऱ्या मोठ्या नराचे, बहुधा बापाचे किंवा शेजाऱ्याचे, गाणे त्याच्या मेंदूत साठत जाते. दुसऱ्या टप्प्यात ते स्वतः पुटपुटायला लागते. ना सूर, ना ठेका, तान्ह्या बाळाच्या बडबडीसारखे. मग ते स्वतःचा आवाज ऐकते, मनात साठवलेल्या गाण्याशी ताडून पाहते, चुकले तर बदलते. आठवडेच्या आठवडे हे चालते. शेवटी एक दिवस गाणे घट्ट होते आणि बऱ्याच जातींत ते पुढे जन्मभर तसेच राहते. गोव्यात ज्याने घरात गाणे शिकवले जाताना ऐकले आहे, त्याला हे वेगळे समजावावे लागत नाही: आधी नुसते बसून ऐकायचे, मग स्वतःच्या आवाजावर कान ठेवून घोटायचे.

हे नुसत्या अंदाजाने सांगत नाही. केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच या युरोपी गाणाऱ्या पक्ष्याची पिल्ले एकटी वाढवली. मोठी होऊन ती गायली, पण गाणे अर्धवट आणि ओबडधोबड. थॉर्प यांचे शिष्य पीटर मार्लर यांनी कॅलिफोर्नियात पांढऱ्या मुकुटाच्या चिमण्यांवर काम केले. साधारण दहाव्या ते पन्नासाव्या दिवसांदरम्यान ऐकलेले गाणे त्या शिकत. ती वेळ गेल्यावर ध्वनिफीत कितीही वाजवली तरी फारसा उपयोग होत नसे. पुढे १९६५ मध्ये मसाकाझू कोनिशी यांनी दाखवले की गाणे ऐकून झाल्यावर, पण स्वतः गायला लागण्याआधी पक्षी बहिरा झाला, तर ऐकलेले असूनही त्याला ते गाता येत नाही. मनात गाणे आहे, गळाही ठीक आहे, फक्त स्वतःचा आवाज कानावर येत नाही, आणि तेवढ्याने सगळे बिघडते.

मोठा झालेला पक्षी बहिरा झाला तर?

जातीवर अवलंबून आहे. झेब्रा फिंचचे पक्के झालेले गाणेही बहिरेपणानंतर काही आठवड्यांत विस्कटत जाते, हे १९९२ मध्ये दिसून आले.

पक्षी झोपेतही गाण्याचा सराव करतात, हे खरे का?

गळ्याने नाही, मेंदूने. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कामात असे दिसले की झोपलेल्या झेब्रा फिंचच्या मेंदूतल्या काही पेशी दिवसा गाताना ज्या क्रमाने चेततात, तसाच क्रम झोपेत उमटतो.

अंड्यातल्या पिल्लाला ऐकू येते का?

काही जातींत नक्की येते. ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरी-रेन या चिमुकल्या पक्ष्याची मादी अंड्यांवर बसून एक ठरावीक सूर काढते. अंड्यातून बाहेर आलेली पिल्ले खाऊ मागताना तोच सूर काढतात आणि आईबाप त्या खुणेवरून आपले पिल्लू ओळखतात. परक्याने अंडे टाकले असेल तर ते उघडे पडते. २०१२ सालचे हे काम. चार वर्षांनी झेब्रा फिंचबद्दल आणखी चकित करणारी गोष्ट कळली: बाहेर उष्मा वाढला की आईबाप अंड्यांजवळ एक खास हाक देतात आणि ती ऐकलेली पिल्ले पुढे वेगळ्या गतीने वाढतात. घरट्याजवळ उभे राहून मोठ्याने बोलणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

गातो तो नर. मग मादीच्या कानाचे काय?

पारख तिच्याकडे असते, म्हणून तिचा कान कच्चा असून चालत नाही. आणि 'गातो तो नर' हेही अर्धेच खरे. ही समजूत युरोप-अमेरिकेतल्या पक्ष्यांवरून पडली. २०१४ मध्ये जगभरच्या ३२३ जातींची माहिती तपासली गेली तेव्हा ७१ टक्के जातींत मादीही गाते असे आढळले, आणि या कुळाच्या पूर्वजांतही माद्या गात असाव्यात असा निष्कर्ष निघाला. कुळागरात जोडी दिसली की नराकडेच कॅमेरा वळवू नका.

भृंगराज इतक्या नकला कशासाठी करतो?

मोल्याच्या रानात मांजर म्यावम्याव करत असेल असे वाटून मुले झाडे धुंडाळतात आणि वरून दोन लांब शेपट्यांचा काळा पक्षी उडून जातो! श्रीलंकेच्या जंगलात या पक्ष्याचा चांगला अभ्यास झाला आहे. तिथे अनेक जातींचे पक्षी थव्याने एकत्र हिंडतात, आणि भृंगराज त्यांतल्या इतरांच्या हाका काढतो. धोक्याच्या वेळी तो इतर जातींच्या धोक्याच्या हाका वापरतो, आणि थव्यातले बाकीचे पक्षी त्याला प्रतिसाद देतात. इतके दुसऱ्यांचे आवाज बिनचूक काढायचे तर आधी ते तितक्याच बारकाईने ऐकलेले असावे लागतात.

शिक्रा आला की सगळे एकदम गप्प होतात. त्याआधी एक बारीक 'सीऽऽ' ऐकू येते. ते काय?

ती धोक्याची हाक, आणि तिची रचना विलक्षण आहे. वर सांगितले तसे दिशा ठरवायला कानाला आवाजातला फरक लागतो. ठसठशीत सुरुवात-शेवट असलेला, जाड-बारीक सगळे मिसळलेला आवाज चटकन सापडतो. उलट हळूच सुरू होऊन हळूच विरणारा, एकाच बारीक सुराचा आवाज कुठून आला ते कळत नाही. लहान पक्षी शिकारी पक्षी उडताना पाहून नेमका तसा आवाज काढतात. मार्लर यांनी हे १९५५ मध्येच मांडले. पुढे ग्रेट टिट हा चिमणीएवढा पक्षी आणि त्याला खाणारा स्पॅरोहॉक हा शिक्र्याचा युरोपी भाऊबंद, दोघांचेही कान मोजले गेले. आठ हजार हर्ट्झच्या आसपासचा तो बारीक सूर टिटला चांगला ऐकू येतो, स्पॅरोहॉकला बराच कमी. शिकाऱ्याच्या कानाआड राहून शेजाऱ्याला सावध करण्याची ही सोय आहे.

घुबड दिवसा फांदीवर बसलेले सापडले की गोष्ट उलटी होते. सातभाई, बुलबुल, कोतवाल मिळून खरखरीत कलकलाट करतात. तिथे लपायचे नसते, सगळ्यांना बोलवायचे असते. म्हणून आवाज असा काढतात की दिशा लगेच कळावी.

पावसात ओढ्याकाठी माणसाने घातल्यासारखी शीळ ऐकू येते. कोण?

शीळकरी कस्तूर. तांबडी सुर्ल्याच्या देवळामागच्या रानात किंवा सत्तरीतल्या ओढ्यांवर पावसाळ्यात त्याला ऐकले नसेल तर या वर्षी जाच. पाण्याचा आवाज सगळ्या सुरांत पसरलेला असतो. कस्तुराची शीळ एका वेळी एकाच सुरावर सगळी ताकद लावते, म्हणून ती खळखळाटातून वर येते. दाट रानात आवाज खोडा-पानांवर आपटून घुमतो, त्यामुळे तिथे भरभर कंप असलेले गाणे चिखलासारखे एकजीव होऊन जाते आणि लांब, स्वच्छ सूर टिकतात. मोकळ्या शेतात वाऱ्याने आवाज तुटतो, तिथे भरभर तीच तीच तान घेणारे पक्षी जास्त भेटतात. हा कल १९७५ मध्ये यूजीन मॉर्टन यांनी मांडला. त्याला अपवाद पुष्कळ आहेत, पण आधी खाजन, म्हणजे खाडीकाठच्या, शेताच्या बांधावर आणि मग कुळागरात, दोन सकाळी ऐकून पाहा.

गावागावांत पक्ष्यांची बोलीही बदलते का?

काही जातींत बदलते. ऐकून शिकायचे म्हटल्यावर बोली आलीच. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास त्याच पांढऱ्या मुकुटाच्या चिमण्यांच्या बोली मार्लर यांनी १९६० च्या दशकात नोंदवल्या. आपल्या घाटाच्या दक्षिण भागातल्या शोला रानांत, म्हणजे उंच डोंगरांवरच्या जंगलांत, व्ही. व्ही. रॉबिन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दऱ्यांनी आणि जंगलतोडीने वेगळ्या पडलेल्या गटांची गाणी वेगळी झाली आहेत. दयाळाच्या गाण्याचा पद्धतशीर अभ्यास हरिद्वारला दिनेश भट्ट आणि सहकाऱ्यांनी केला आहे. गोव्यातल्या दयाळांसाठी असे काम कुणी तरुणाने हाती घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वाहने, लाउडस्पीकर, फटाके यांनी त्यांना खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि तो दोन ठिकाणी.

एक, मोठ्यांच्या बोलण्यात. रहदारीचा आवाज मुख्यतः खालच्या सुरांत असतो. हॉलंडमधल्या लायडन शहरात गोंगाटाच्या जागी राहणारे ग्रेट टिट खालचे सूर टाळून वरच्या सुरांत गातात, हे २००३ मध्ये नोंदले गेले. बर्लिनचे नाइटिंगेल गोंगाटात जास्त जोराने गातात. २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्को शांत झाले तेव्हा तिथल्या चिमण्या हळू गायल्या आणि तरीही त्यांचे गाणे आधीपेक्षा लांब पोचले.

दुसरे मला जास्त लागते. पिल्लाचे. त्याला आधी बापाचे गाणे ऐकायचे असते, मग स्वतःचे. त्याच काही आठवड्यांत रस्त्याचा घोंगाट मध्ये आला तर? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रहदारीचा आवाज ऐकत वाढलेल्या झेब्रा फिंचनी गाणे उशिरा आणि कमी अचूक शिकले. गोंगाटात त्यांचा कान आपल्यापेक्षा कमकुवत असतो, हे वर सांगितलेच आहे. आमच्या गावच्या वळणावर पूर्वी दयाळ गायचा, तिथे आता दिवसभर ट्रक गियर बदलतात. दयाळ अजून आहे. त्याच्या पिल्लाला काय ऐकू येते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम माणसांसाठी आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. ते पाळले गेले तरी पहाटेचा गाण्याचा बराचसा वेळ पक्ष्यांना परत मिळतो.

मोठ्या आवाजाने पक्षी कायमचे बहिरे होतात का?

इथे ते आपल्याहून भाग्यवान. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसासारख्या पेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. पक्ष्यांत त्या पुन्हा उगवतात. १९८८ मध्ये कोंबडीची पिल्ले आणि जपानी लावे यांच्यावरच्या दोन शोधनिबंधांतून हे कळले आणि माणसाच्या बहिरेपणावर काम करणारे सगळे पक्ष्यांच्या कानाकडे वळले. पण उगवायला आठवडे लागतात, आणि पिल्लाचे शिकायचे दिवसही आठवड्यांतच मोजायचे असतात.

आईला आता शिंजीर ऐकू येत नाही. पक्षी कमी झाले की कान?

बहुधा कान. वयाबरोबर माणसाचे वरचे सूर आधी जातात आणि शिंजीर, फुलटोच्या यांचे आवाज बारीक. माझ्या आईचेही असेच झाले. पोरसातल्या जास्वंदीवर शिंजीर आहे की नाही, ते ती आता मला विचारते, आणि बुलबुल मात्र माझ्या आधी ओळखते. एकदा कान तपासून घ्या. वरचे सूर वाढवणारे श्रवणयंत्र लावून पुन्हा पक्षी ऐकू लागलेली माणसे मी पाहिली आहेत.

पक्ष्यांना आपले संगीत कळते का?

आपल्यासारखे नाही. तीच चीज काळी दोनमध्ये गा की पांढरी पाचमध्ये, आपल्याला ती तीच वाटते. युरोपी साळुंकीवरचे प्रयोग सांगतात की सगळी चाल वर-खाली सरकवली की तिला ती ओळखणे फार जड जाते. आवाजाच्या पोताकडे तिचे लक्ष जास्त असते.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावला तर चालेल?

विणीच्या काळात अजिबात नको. आवाज ऐकून नराला वाटते की हद्दीत दुसरा घुसला. पिल्लांना भरवायचे सोडून तो भांडायला येतो, आणि समोर कुणी सापडत नाही. इतर वेळीही मी वाजवत नाही. आणि मुनिया किंवा दयाळ पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही इथेच सांगून टाकतो.

ऐकायला कधी, कुठे जावे?

मार्च ते जून, सूर्य उगवायच्या अर्धा तास आधी. दयाळासाठी घरची गच्ची पुरते. तो तारेवर किंवा माडाच्या झावळीच्या टोकावर बसतो. गोव्याचा राज्यपक्षी, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल, हवा असेल तर बोंडला किंवा मोले गाठा. चोडणच्या अभयारण्यात पाणपक्ष्यांसाठी गर्दी होते, पण खारफुटीतला शिंपी ऐकायचा राहून जातो. सोबत वही घ्या. कुठे उभे होतो, किती वाजता पहिला आवाज आला, तो कुणाचा, आणि पहिली गाडी किती वाजता गेली, एवढे लिहा.